खोकं का तापतं

६ जानेवारी, सोमवार

आज खोकं वाक्याच्या मधोमध बंद पडलं. कादंबरीतली डॉक्टरीणबाई नदीच्या धक्क्यावर उभी, होडी सुटायच्या बेतात, आणि मी "ती वळली आणि" एवढं म्हणतेय तोवर पडदा काळा. ते वाक्य गेलंच, त्याच्या मागची सगळी पानंही गेली. मधूनमधून जतन करायला हवं हे मला कळतं, पण वाचनाची लय लागली की हात माउसकडे जात नाही. ते काम धाकटीचं, माझ्या बहिणीचं. मी वाचायचे, ती शेजारी बसायची आणि पान संपलं की पुढे वाकून बटण दाबायची.

बरं, पुन्हा सुरू करावं तर सुरूही होईना. चिडून चहा केला, तो पिऊन आले, तर आपलं गुपचूप सुरू झालं. जसं काही घडलंच नाही.

खोकं म्हणजे आमचा संगणक. नाव धाकटीने ठेवलं. आणलं तेव्हाच ते जुनं होतं. माझा मायक्रोफोन, माझं रेकॉर्डिंग, सगळं त्याच्यात बसलेलं आहे आणि मला दुसरं काही चालवता येत नाही. एरवी मी एवढी घाबरले नसते. पण ज्या श्राव्य ग्रंथालयासाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, त्याने नवा नियम काढलाय. महिनाअखेर जे पुस्तक पुरं होणार नाही, ते पुढे यंत्र वाचणार. माणसासारखा आवाज काढणारं यंत्र. माझी नऊ प्रकरणं बाकी आहेत. मी उभा जन्म रेल्वे स्टेशनवर गाड्या पुकारल्या आणि तिथूनही मला एका यंत्रानेच घरी पाठवलं. एकदा झालं ते पुरे. या खेपेला मी खुर्ची सोडणार नाही.

७ जानेवारी, मंगळवार

वायरमनला बोलावलं. त्याने भिंतीतला सॉकेट उघडला, बंद केला, "लाइनमध्ये काही नाही" म्हणाला आणि नवा एक्स्टेन्शन बोर्ड लावून गेला. संध्याकाळी वाचायला बसले. अर्ध्या प्रकरणात परत तेच. मात्र या वेळी बंद पडायच्या आधी कपाटातून बारीक घरघर ऐकू आली.

कपाटातून कशी, ते लिहून ठेवते. ही कल्पना माझी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. मागच्या महिन्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला की रेकॉर्डिंगमध्ये संगणकाच्या पंख्याची गुणगुण येते, नव्या नियमात ती चालायची नाही. यंत्राच्या आवाजामागे म्हणे काहीच नसतं, म्हणून आता आमच्याही मागे काही असता कामा नये. मग मी धाकटीचं लाकडी कपाट उघडलं. ते रिकामंच होतं, तिच्या दोन रजया तेवढ्या मागे राहिलेल्या. सुताराकडून बाजूला वायरींपुरतं भोक पाडून घेतलं, खोकं आत ठेवलं, एक रजई वरून आणि मागून पांघरली, दुसरी दोन्ही अंगांना गच्च ठासली आणि दार लावून टाकलं. आवाज असा गायब झाला की ग्रंथपालबाईंनी शाबासकी द्यायला खास फोन केला. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीही कापडाने बुजवल्या. आता खोलीत अशी शांतता असते की मी पाणी गिळलं तरी मला ऐकू येतं.

९ जानेवारी, गुरुवार

लघुलेखकांचा फोन. हे गृहस्थ कोर्टात लघुलेखक होते. उतारवयात दृष्टी गेली. आता ते ग्रंथालयासाठी आमची रेकॉर्डिंगं ऐकून तपासतात आणि प्रत्येक प्रकरणाला शेरा देतात. प्रकरण पोचलं की दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला. प्रत्यक्षात मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

"बाई, या आठवड्यात काहीच आलं नाही."

"संगणक बिघडलाय."

"घसा नाही ना बिघडला?"

"घसा ठणठणीत आहे."

"मग चिंता नाही. मला एक सांगा, ती डॉक्टरीण गाव सोडून जाते का हो?"

"ते आत्ताच सांगितलं तर तुम्ही ऐकाल कशाला?"

हसले, म्हणाले बरोबर आहे, आणि फोन ठेवला. फार बोलत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतल्यावर स्वतःचं बोलायची सवय जात असावी. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की परवा वायरमन गेल्यापासून मी कोणाशी बोललेच नव्हते. वाचलं होतं पुष्कळ, पण वाचणं म्हणजे बोलणं नव्हे.

११ जानेवारी, शनिवार

दुरुस्तीवाला येऊन गेला. तो चिखलाच्या बुटांनी आतल्या खोलीत शिरू नये म्हणून मी खोकं आधीच कपाटातून काढून बाहेरच्या खोलीत टेबलावर आणून ठेवलं होतं. कंबर धरली. त्याने झाकण उघडलं आणि शिट्टी वाजवली. आत धुळीचा नुसता नमदा झालेला.

"मावशी, याच्यात तर गादी भरून होईल."

मग मला सगळं दाखवलं. मधोमध प्रोसेसर, म्हणजे याचं डोकं. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्यावर पंखा. डोकं तापलं की ठोकळा ते तापणं ओढून घेतो आणि पंखा त्याला वारा घालतो. डोकं आणि ठोकळा यांच्यामध्ये एक मलम लावलेलं असतं, ते सुकून खडूसारखं झालं होतं. "फार तापला की प्रोसेसर स्वतःच स्वतःला बंद करतो," तो म्हणाला. "जळू नये म्हणून. शहाणपणाच आहे त्याचा." पंख्याच्या दांड्याला एक लांब केस गुंडाळला होता, अर्धा काळा अर्धा पांढरा. त्याने चिमट्याने ओढून काढला आणि फुंकरीने उडवून दिला. माझे केस बारीक कापलेले आहेत. उडवला नसता तरी चाललं असतं.

खोकं दुकानात घेऊन गेलाय. सोमवारी देतो म्हणाला.

१२ जानेवारी, रविवार

धाकटीचा फोन. दर रविवारी करते, नेमाने. तिने पंचावन्नाव्या वर्षी लग्न केलं हे इथे अजून लिहिलेलं नाही, कारण लिहायला हात धजत नव्हता. दाढ काढायला म्हणून गेली आणि काही महिन्यांनी लग्न ठरवूनच आली. दंतवैद्य विधुर आहेत, माणूस वाईट नाही, मी त्यांना कधी वेडंवाकडं बोललेले नाही. लग्नानंतर त्यांनी दवाखाना आवरला आणि दोघं त्यांच्या जुन्या गावी राहायला गेली. बसने अर्धा दिवस लागतो. मी अजून गेलेले नाही. ती दर वेळी म्हणते ये, आणि मी म्हणते बघू.

आज म्हणाली, "ताई, इथे दुपारी इतकं शांत असतं गं. हे झोपतात आणि मी आपली घड्याळ ऐकत बसते."

म्हणजे घर मोठं आहे, मागे बाग आहे, रस्त्याचा त्रास नाही, हे तिला मला ऐकवायचं असतं. ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "खोकं कसं आहे?"

"मजेत आहे."

"तापतं का गं? त्याला तापायची सवय आहे. मी कधी कधी..."

"काही तापत नाही," मी म्हटलं आणि दारात कोणी आलंय असं सांगून फोन ठेवला. दारात कोणी नव्हतं. खोक्याबद्दल तिला विचारायचं म्हणजे तिच्यावाचून माझं अडतं हे कबूल करायचं. त्यापेक्षा मी दहा दुरुस्तीवाले बोलावीन.

१४ जानेवारी, मंगळवार

खोकं परत आलं. नवं मलम, धुतलेली पाती, पंखा असा स्वच्छ की तोंड दिसावं. दुरुस्तीवाल्याने ते दुकानात दोन दिवस अखंड चालू ठेवलं होतं, एकदाही हूं की चूं केलं नाही. मी त्याला दारातच धन्यवाद दिले आणि स्वतः खोकं कपाटात नीट निजवलं, रजया ठाकठीक केल्या, वाचायला बसले. जीव भांड्यात पडला होता.

एक प्रकरण पूर्ण झालं. दुसरं सुरू केलं आणि आठव्या पानावर पडदा काळा.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो मानायलाच तयार नाही.

"मावशी, ठेवता कुठे तुम्ही ते?"

"त्याच्या जागेवर. आणखी कुठे ठेवणार?"

"वारा लागतो ना?"

"दार-खिडकी लावून बसते मी. रेकॉर्डिंग असतं. पण थंडी चिकार आहे, खोली गारठलेलीच असते."

"मग तापायला नको," तो म्हणाला आणि विचारात पडला.

१६ जानेवारी, गुरुवार

काल कडाक्याची थंडी होती. दिवसभरात प्रकरणाची चारच पानं झाली. शेवटी मी नाद सोडला. संध्याकाळी अंगात कापरं भरलं, माझं पांघरूण पुरेना, म्हणून कपाट उघडून धाकटीची वरची रजई ओढून घेतली.

ती ऊबदार होती. चांगली ऊबदार, जशी कोणीतरी आत्ता आत्ता अंगावरून बाजूला करून उठून गेल्यावर असते. लहानपणी धाकटी माझ्याआधी उठायची, तेव्हा मी सरकून तिच्या जागेवर जायचे. मी रजई डोक्यावरून घेतली आणि डोळे मिटून पडून राहिले. खरं सांगायचं तर थोडी रडले. मग छान झोप लागली, जेवणाचीही आठवण राहिली नाही.

आज सकाळी उठून ती परत जागच्या जागी ठेवली. आवाजासाठी.

१८ जानेवारी, शनिवार

खोक्याची दुकानात दुसरी फेरी. आता पॉवर सप्लाय बदलला. परवा नेलं, आज आणलं. दुकानात पुन्हा गुणी बाळासारखं वागलं. घरी आणून ठेवलं आणि दीड प्रकरणात गार. म्हणजे गरम.

दुरुस्तीवाल्याने फोनवर डोक्याला हात लावलेला मला दिसला. म्हणाला, "मशीनमध्ये काही राहिलेलं नाही. मावशी, तुमच्या घरातच काहीतरी आहे."

"घरात मी आहे," मी म्हटलं.

तो हसला. मीही हसले. पुढच्या आठवड्यात घरी येऊन बघतो म्हणाला. मी म्हटलं बघू. त्या खोलीत परकं माणूस आणायचं माझ्या जिवावर येतं. तिथे धाकटीची खाट अजून तशीच आहे, ती कोणाची म्हणून लोक विचारतात.

२० जानेवारी, सोमवार

सहा प्रकरणं बाकी. आता मी पानापानाला जतन करते, त्यामुळे जातं ते थोडंच. एक गोष्ट लक्षात आली: खोकं सकाळी जास्त वेळ टिकतं. सकाळी माझंही डोकं शांत असतं. दुपारनंतर आम्ही दोघंही कामातून जातो.

संध्याकाळी ते शेवटचं बंद पडलं की मी फार खटपट करत नाही आता. रजई काढते, खाटेवर जाते. बंद पडल्या पडल्या काढली तर सगळ्यात ऊबदार असते, उशीर केला की जाते. हे माझ्या अंगवळणी पडत चाललंय. काल रविवारी धाकटीचा फोन आला तेव्हा मी रजईतच होते, घेतला नाही. नंतर तिने निरोप ठेवला होता, "ताई, काही नाही, सहजच केला होता."

दिवसभर मी संध्याकाळची वाट बघते. हे ज्या बाईची सहा प्रकरणं बाकी आहेत तिने लिहू नये, पण लिहिलं.

२२ जानेवारी, बुधवार

कालपासून ताप. काल रजई खाटेवरच राहिली, परत ठेवायला वाकवेना. दुसरीही ओढून पायावर घेतली. कपाटाचं दार सताड उघडं.

तरी आज पडल्या पडल्या जिवाला चैन पडेना. दिवस भराभरा चाललेत. दुपारी दोन्ही रजया खांद्यावरून घेऊन खुर्चीत बसले आणि चोंदलेल्या नाकाने वाचलं. आश्चर्य म्हणजे खोकं बंद पडलं नाही! एक सबंध प्रकरण, मग दुसरं. दिवेलागणीपर्यंत वाचत होते, घसा बसला तेव्हा थांबले, ते मात्र चालूच. आजारी बाईची त्याला दया आली असावी. किंवा नवा पॉवर सप्लाय आता मुरला असेल. चार प्रकरणं राहिली.

मागे पंख्याची गुणगुण आली आहे, पण ग्रंथपालबाईंना सांगेन, तापात होते.

२४ जानेवारी, शुक्रवार

ताप उतरला. अंघोळ केली, खोली आवरली, रजया व्यवस्थित घड्या घालून खोक्याभोवती बसवल्या, दार लावलं, वाचायला बसले. सहाव्या पानावर पडदा काळा.

मी खुर्चीतच बसून राहिले. मग नेहमीप्रमाणे उठले, कपाट उघडलं आणि रजई ओढायला हात घातला. ती भट्टीसारखी गरम. हात तिथेच राहिला.

मी इतकी मठ्ठ कशी? दुरुस्तीवाल्याने मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं होतं, की तापणं बाहेर जायला हवं, नाहीतर ते स्वतःला बंद करतं. आणि मी त्याला दोन रजयांत गुंडाळून, दार लावून, वर त्याला दोष देत बसलेय. दुकानात चालतं कारण दुकानात रजया नाहीत. परवा चाललं कारण रजया माझ्या अंगावर होत्या. अंधारात बसून हसायला आलं मला. मोठ्याने हसले. खोलीत आपलंच हसणं ऐकायला फार चमत्कारिक वाटतं, म्हणून थांबले.

आणि मग दुसरं कळलं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. रजईत धाकटीचं काही नव्हतं. ती ऊब बिघाडाची होती.

२५ जानेवारी, शनिवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण इथे नाही लिहिणार तर कुठे.

सकाळी उठून रजया काढायच्या आणि कामाला लागायचं, असं ठरवलं होतं. त्याऐवजी मी खोकं सुरू केलं, दार लावलं आणि वाचलं काहीच नाही. नुसती बसून राहिले. आत ते हळूहळू तापत गेलं, घरघरलं आणि बंद झालं. मग मी रजई काढून घेतली आणि खाटेवर पडले. दुपारी पुन्हा तसंच. माहीत असूनही. रजईत काही नाही हे ठाऊक असूनही मी तोंड खुपसून पडले होते.

दिवसभरात एक ओळही वाचली नाही.

२७ जानेवारी, सोमवार

ग्रंथपालबाईंचा फोन. मी म्हटलं चार प्रकरणं राहिलीत, होतील बहुतेक. त्या अवघडल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, "नाही झाली तरी काळजी करू नका. आम्ही यंत्राकडून एक प्रकरण करून पाहिलंय. छान झालंय. ऐकवू?"

नको म्हणायच्या आत त्यांनी लावलं. धक्क्यावरचाच प्रसंग. "ती वळली आणि तिने गावाकडे पाहिलं." एका दमात, सपाट, स्वच्छ. मी त्या वळण्यापाशी थांबते. प्रत्येक वाचनात थांबलेय, कारण ती बाई वळताना एकदा श्वास घेणारच, तिला जायचंय आणि जाववत नाहीये. यंत्राला श्वास घ्यायची गरजच नाही. त्याच्यामागे खोली नाही, खाट नाही, काही म्हणजे काही नाही. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. एवढी निर्मळ शांतता मीही या घरात महिनाभर तयार करत होते, फटी बुजवून बुजवून.

फोन ठेवला आणि उठले. दोन्ही रजया काढल्या, बाहेर दोरीवर उन्हात टाकल्या. खोकं कपाटातून काढून माझ्या टेबलावर, अगदी कोपराशी ठेवलं. खिडकीच्या फटींतली कापडं ओढून काढली, तावदान थोडं उघडलं. पंखा भसाभसा वारा टाकत होता, तो माझ्या हाताला लागत होता. वाचायला बसले. गुणगुण तर गुणगुण.

३० जानेवारी, गुरुवार

झालं. शेवटचं पान वाचलं. डॉक्टरीण काय करते ते इथे लिहीत नाही, लघुलेखकांचा हक्क पहिला. चार दिवसांत खोकं एकदाही बंद पडलं नाही. रात्री थंडी वाजते, दोन मोजे घालून झोपते.

पुस्तक संपलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. झाला, थोडा. मग एकदम वाटलं, आता उद्या सकाळी उठून काय करायचं?

३१ जानेवारी, शुक्रवार

पेनड्राइव्ह स्वतः नेऊन दिला. ग्रंथपालबाईंनी कानाला हेडफोन लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पंखा ऐकू येतो."

"हो, येतो."

"तुम्ही तर तो बंद केला होतात?"

"पंखा बंद केला की संगणक बंद पडतो," मी म्हटलं. "कोंडून ठेवला की चालत नाही तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, लघुलेखकांचा शेरा येऊ दे. ते हो म्हणाले तर हे पुस्तक तुमच्या आवाजात राहील. पुढच्या पुस्तकांचं मात्र समितीने ठरवून टाकलंय. सगळी यंत्राकडे. त्यांना वाईट वाटत होतं, आवाजावरून कळत होतं. मी म्हटलं, ठीक आहे. बाहेर येऊन बसथांब्यावर बसले. दोन बस सोडल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी लघुलेखकांचा फोन. त्यांनी चारही प्रकरणं सलग ऐकली होती.

"गेली नाही हो डॉक्टरीण," ते म्हणाले. "मला वाटलं होतं जाईल."

"मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं."

"शेरा लिहून पाठवलाय मी. आवाज स्पष्ट, पुस्तक जसंच्या तसं घ्यावं." मग म्हणाले, "बाई, विचारू का? पूर्वी तुमच्या खोलीत कोणीतरी असायचं. विणायच्या सुया वाजायच्या. पान संपलं की खुर्ची करकरायची. मी ते कधी शेऱ्यात लिहिलं नाही, मला आवडायचं. मग ते थांबलं. नंतर तर काहीच ऐकू येईना, तुम्ही विहिरीतून वाचताय असं वाटायचं. विचारायचा धीर झाला नाही. पण आता या चार प्रकरणांत परत कोणीतरी आहे. तुमच्या अगदी जवळ. सारखा श्वास ऐकू येतो. बरं वाटलं मला."

हो म्हणून टाकता आलं असतं. एवढ्या प्रेमाने विचारलं होतं त्यांनी.

"तो संगणकाचा पंखा आहे," मी म्हटलं. "सुया माझ्या बहिणीच्या. ती लग्न करून गेली. मी एकटीच असते इथे."

हे मी तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं. म्हटल्यावर काही कोसळलं नाही. ते म्हणाले, "असं आहे होय." आणि मग, "प्रकरण नसलं तरी फोन केला तर चालेल?"

"करा," मी म्हटलं. "मी घरीच असते."

बोलणं संपलं आणि फोन हातातून खाली ठेवायच्या आत धाकटीला लावला. उद्या रविवार, ती करणारच होती. पण उद्याची वाट पाहिली असती तर पुन्हा तोंडाला कुलूप लागलं असतं. पहिल्या घंटीलाच उचलला. मी आपणहून कधी करत नाही, त्यामुळे घाबरली.

"ताई! काय झालं? पडलीस का? कुठे लागलं का?"

"काही झालं नाही गं. पुस्तक संपलं."

"मग?"

"मग काही नाही. करमत नाही मला."

पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं, लहानपणी ओढायची तसंच.

"आणि तुला काय वाटतं," ती म्हणाली, "मला करमतं?"

मला खरंच तसंच वाटत होतं. इतके रविवार ती मला काय सांगत होती आणि मी काय ऐकत होते. दोघी फोन धरून नुसत्या बसलो, तिकडे ती, इकडे मी. मधे तिच्या घरात कोणीतरी दार उघडल्याचा आवाज आला, दंतवैद्यांनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं नाही. फोनही ठेवला नाही. मीही ठेवला नाही.